बाटलीचा पाहुणचार

ताम्हणे मॅडम कोणाच्याही घरी गेल्या की पाणी प्यायच्या आधी पेला उजेडाकडे धरून बघायच्या. घरच्या बाईचा चेहरा पडायचा, पण मॅडमना त्याचं काही नसे. एकदा आमच्या आंबिवलीच्या घरी आल्या तेव्हा आईने कपाटातले ठेवणीतले काचेचे पेले काढले होते. मॅडमनी पेला खिडकीकडे धरला, एक घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि म्हणाल्या, "बोअरिंगचं आहे ना? जड आहे."

"म्हणजे वाईट का हो?" आई घाबरली.

"वाईट नाही. पण तुमची डाळ लवकर शिजत नसेल."

आई तिथेच खुर्चीत बसली. बारा वर्षं ती डाळीसाठी वाण्याला बोल लावत होती. त्या दिवसापासून मॅडम म्हणजे तिच्या लेखी साक्षात्कारी बाई झाल्या, आणि मी त्यांच्या हाताखाली काम करतो याचा तिला माझ्या पदवीपेक्षा जास्त अभिमान वाटू लागला.

शुभदा ताम्हणे आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य केमिस्ट. प्रयोगशाळा डोंबिवलीच्या एमआयडीसीत, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. सोसायट्यांच्या टाक्यांचं, टँकरचं, बोअरवेलचं, कारखान्यांच्या बॉयलरचं असं सगळ्या प्रकारचं पाणी आमच्याकडे तपासायला येतं. मॅडम नौपाड्यात राहायच्या, एका मोठ्या बहिणीबरोबर. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी ते सांगितलं असतं असं वाटत नाही. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि खांद्याला अशी पिशवी की जिच्यातून भिंगापासून सुईदोऱ्यापर्यंत काहीही निघे. आवाज बारीक. पण त्या बारीक आवाजात त्यांचा एक ठरलेला प्रश्न आला की भल्याभल्यांची तारांबळ उडायची.

तो प्रश्न म्हणजे "कशाशी ताडून?"

कोणी म्हणालं, माझं घड्याळ बरोबर आहे, की मॅडम विचारणार, "कशाशी ताडून?" कोणी म्हणालं, आमच्या टेंभी नाक्याच्या देवीसारखी आरास कुठेच नाही, की "कशाशी ताडून?" हा काही वाद घालायचा खवचटपणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे. एखादी गोष्ट बरोबर आहे असं आपण म्हणतो तेव्हा ती दुसऱ्या कशाशी तरी लावून बघितलेली असायला हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. आमचे मालक पाटकर साहेब या प्रश्नाला इतके वैतागले होते की एकदा म्हणाले, "मॅडम, माझी बायको चांगली आहे असं मी म्हटलं तरी तुम्ही हेच विचारणार!" मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "नाही. ते मी तिला विचारीन." साहेबांनी पुढे बरेच दिवस बायकोचा विषय काढला नाही.

मी इथे आलो तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो आणि स्वतःला तयार केमिस्ट समजत होतो. आधी कल्याणच्या एका प्रयोगशाळेत पाच वर्षं काढली होती. तिथून एक सवय घेऊन आलेलो, आणि ती सवय मॅडमनी पहिल्याच महिन्यात पकडली.

आमच्या धंद्यात दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळांची परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून एक बाटली येते. आम्ही तिला पीटीची, म्हणजे प्रोफिशिएन्सी टेस्टची बाटली म्हणतो. त्याच पाण्याच्या बाटल्या त्याच वेळी इतर पन्नास-साठ प्रयोगशाळांनाही गेलेल्या असतात. सगळ्यांनी ते पाणी तपासायचं, आकडे पाठवायचे. महिन्याभराने निकाल येतो: सगळ्यांचं मिळून उत्तर काय, तुमचं काय, आणि तुम्ही त्या उत्तरापासून किती लांब पडलात. ते अंतर एका आकड्यात सांगतात, त्याला झेड-स्कोअर म्हणतात. दोनच्या आत असलात तर समाधानकारक. दोन ते तीनच्या मध्ये म्हणजे सावध व्हा. तीनच्या पलीकडे गेलात तर काम थांबवा आणि चूक शोधा. प्रयोगशाळेची मान्यता टिकणं यावर बरंच अवलंबून असतं.

तर ही बाटली आली की आमच्या कल्याणच्या जुन्या ठिकाणी जावई आल्यासारखी धावपळ व्हायची. सगळ्यात तरबेज माणूस तिच्यावर बसणार. नवीन रसायनं फोडणार. एकदा नाही, दहादा तपासणार. तरीही धाकधूक असली तर ओळखीच्या प्रयोगशाळेत फोन: "काय, तुमचं किती आलं?" मग दोघांचे आकडे थोडे इकडे, थोडे तिकडे सरकणार. निकाल नेहमी झकास. आणि रोजच्या गिऱ्हाइकाचं पाणी कोपऱ्यात वाट बघत पडलेलं.

इथे पहिली बाटली आली तेव्हा मी उत्साहाने नवीन रसायनाचं सील तोडायला निघालो. मॅडमनी हात धरला.

"हा कसला पाहुणचार चाललाय?"

"मॅडम, पीटी आहे."

"म्हणूनच विचारतेय. रोज असंच करतोस?"

मी रसायनाची बाटली खाली ठेवली.

"मग यातून मला काय कळणार? तू जीव तोडून काम केलंस तर कसं करतोस, हे? मला ते नकोय. कंटाळलेला असताना, जेवणाची वेळ झालेली असताना, चाळिसाव्या नमुन्याला तू कसं करतोस, ते हवंय."

मग त्यांनी त्या बाटलीचं जे केलं त्याला प्रयोगशाळेत 'बारसं' म्हणत. बाटलीतलं पाणी एका साध्या प्लास्टिकच्या बाटलीत ओतायचं, तिच्यावर कुठल्यातरी खोट्या सोसायटीचं नाव लिहायचं, नोंदवहीत इतर नमुन्यांबरोबर उतरवायचं, आणि ओळीत ठेवून द्यायचं. ज्याच्या पाळीला येईल त्याने तपासायचं. आपण पीटीची बाटली तपासतोय हे तपासणाऱ्याला कळताच कामा नये. मी बरीच वर्षं या धंद्यात आहे, असं करणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही.

झेड-स्कोअर म्हणजे काय हे त्यांनी आम्हाला जेवणाच्या डब्यावर शिकवलं होतं. डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, उचला आणि वजन सांगा. आम्ही पाच जणांनी सहाशे, साडेसहाशे, सातशे ग्रॅम असं काहीबाही सांगितलं. पाटकर साहेब जाता जाता डबा उचलून म्हणाले, "चार किलो! मॅडम, दगड खाता काय?" मॅडमनी तोही आकडा मांडला आणि सरासरी काढायला लावली. बाराशे ग्रॅमच्या वर आली.

"बघा," त्या म्हणाल्या. "पाच शहाणे, एक आगाऊ, आणि उत्तर आगाऊ माणसाच्या घरी गेलं. म्हणून सरासरीच्या नादी लागायचं नाही. सगळ्यांना ओळीत उभं करा आणि मधे कोण आहे ते बघा." मधलं उत्तर पावणेसातशे निघालं. काट्यावर डबा भरला सहाशे ऐंशी. "आता बघा, शहाणे लोक आपापसात किती पसरलेत. पन्नासेक ग्रॅम, नाही का? मग शंभर ग्रॅमने लांब जाईल त्याला मी विचारीन, बाबा, काय झालं. दीडशेने लांब जाईल त्याचा हात धरून थांबवीन."

"आणि मी?" साहेब म्हणाले.

"तुमचं डोकं तपासायला पाठवीन." सगळे हसले, साहेबही. मग मॅडमनी डबा उघडून सगळ्यांना एकेक थालीपीठ वाढलं.

शेजारच्या प्रयोगशाळांमधून आकडा विचारायला फोन येत, तेव्हा त्या फार गोड बोलत. एकदा कोणीतरी विचारलं, "मॅडम, तुमचा लोखंडाचा किती आला हो?" मॅडम म्हणाल्या, "माझं डॉक्टर म्हणतात थोडं कमी आहे. बीट खायला सांगितलंय. तुमचं कसं आहे?" पलीकडच्या माणसाने पुन्हा फोन केला नाही.

दोनेक वर्षांनी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "महेश, पुढच्या फेरीपासून बाटलीचं बारसं तू करायचंस. आणि तक्ताही तूच भरायचास."

"मी का, मॅडम?"

"तू मशीनवर असतोस, त्यामुळे जडपणाची तपासणी तुझ्याकडे येत नाही. ती करणारे आम्ही तिघं. रेश्मा, दळवी आणि मी. बाटलीला नाव मी ठेवते तोवर मला ती ओळखू येणार. मग मी पाळीतून बाहेर. सगळ्यांची परीक्षा, आणि माझी कोण घेणार?"

मुख्य केमिस्टने स्वतः बसून टायट्रेशन करायची काही गरज नसते. पण पाण्याचा जडपणा ही त्यांची लाडकी तपासणी होती. ती डोळ्यांनी करायची असते. पाण्यात एक रंगद्रव्य टाकलं की ते जांभळट लाल होतं. मग वरच्या ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या नळीतून, थेंब थेंब औषध सोडत जायचं, खालचा फ्लास्क हलवत राहायचा. एका थेंबाला तो लाल रंग जातो आणि पाणी निळं होतं. त्या थेंबाला थांबायचं; किती औषध लागलं त्यावरून जडपणा निघतो. एक थेंब आधी नाही, एक नंतर नाही. मॅडम पांढऱ्या टाइलवर फ्लास्क धरून उभ्या राहायच्या, ओठ घट्ट मिटलेले, आणि निळं झालं की "हं" म्हणायच्या. दिवसाला पन्नास नमुने असले तर पन्नासदा "हं". आम्हाला त्याची इतकी सवय होती की त्या रजेवर असल्या की प्रयोगशाळेत काहीतरी बंद पडल्यासारखं वाटायचं.

तक्त्यावर मी प्रत्येकाच्या नावाचे ठिपके घालत असे. मधे शून्याची रेघ, वर-खाली दोन आणि तीनच्या रेघा. मॅडमचे सुरुवातीचे ठिपके रेघेच्या आसपास, कधी वर, कधी खाली. मग एका फेरीत त्यांचा ठिपका एकवर पडला. पुढच्या वेळी बाटली त्यांच्याकडे आली तेव्हा दीडवर. त्याच्या पुढच्या वेळी एक पॉइंट नऊ. मधे इतरांच्या पाळ्या येत असल्यामुळे हे दोन वर्षांत झालं. तीन ठिपके, तिन्ही वरच्या बाजूला, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा उंच. दोनच्या आत होते, म्हणजे निकालाच्या कागदावर तिन्ही वेळा 'समाधानकारक'. पण मला मॅडमनीच शिकवलं होतं की नुसतं दोनच्या आत आहे की नाही ते बघायचं नसतं. ठिपके एकाच बाजूला चढत चालले तर काहीतरी सरकलंय असं समजायचं आणि लगेच माणसाला सांगायचं.

मी सांगितलं नाही.

त्याच सुमारास नवरात्र आलं. आमच्याकडे रेश्मा दरवर्षी सगळ्यांच्या मागे लागून दिवसाचे रंग पाळायला लावते. मॅडम हे कधी करत नसत, पण त्या वर्षी रेश्माच्या हट्टाखातर तयार झाल्या. निळ्या रंगाच्या दिवशी त्या गर्द हिरवी साडी नेसून आल्या.

"अगंबाई, मॅडम! आज निळा ना!" रेश्मा ओरडली.

"मग हा काय आहे?"

"हा हिरवा आहे, मॅडम. एकदम हिरवागार!"

मॅडमनी पदर हातात घेऊन बघितला. क्षणभर बघतच राहिल्या. मग हसल्या. "कपाटात अंधार असतो. बहिणीचं ऐकून नेसले." सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते तीन ठिपके आठवले.

आठवड्याभराने मी त्यांच्या टेबलाजवळून जात होतो. त्या फ्लास्क हलवत होत्या. फ्लास्कमधलं पाणी माझ्या डोळ्यांदेखत निळं झालं, आणि त्यांचा हात थांबला नाही. एक थेंब. आणखी एक. आणखी दोन. मग त्यांनी मला पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "महेश, झालं ना रे निळं?"

"हो मॅडम," मी म्हणालो. "आत्ताच झालं."

"हं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तोटी बंद केली.

मी हे का केलं याची कारणं मी स्वतःला बरीच वर्षं देत आलोय. त्यांना निवृत्त व्हायला जेमतेम तीन वर्षं उरली होती. ज्या बाईने मला काम शिकवलं तिला मी कोणत्या तोंडाने सांगू की तुमची नजर चुकतेय. मोतीबिंदू असेल, या वयात होतोच, कधीतरी स्वतःच काढून घेतील. यातलं प्रत्येक कारण खरं होतं आणि सगळी मिळून खोटी होती. खरं एवढंच की मी भित्रा होतो आणि त्या भित्रेपणाला मी माया म्हणत होतो.

कारण मी नुसता गप्प बसलो नाही. पुढची बाटली आली तेव्हा मी तिचं बारसं केलं, नोंदवही बघितली, मॅडमची पाळी कुठे येतेय ते मोजलं, आणि बाटली दोन नमुने पुढे सरकवली. ती रेश्माकडे गेली. त्यापुढची दळवीकडे. तक्त्यावर मॅडमच्या नावाचा नवा ठिपका पडेना, म्हणजे वरही चढेना. अशा पाच फेऱ्या गेल्या. सव्वा वर्ष.

मग मान्यतेच्या नूतनीकरणासाठी मॅडमनी तक्ता मागितला. भिंग काढून बराच वेळ बघत बसल्या. मी समोर उभा होतो. छापखान्याचं मशीन खाली धडधडत होतं.

"बस," त्या म्हणाल्या. मी बसलो.

"हे माझे तीन ठिपके. हे तू मला दाखवायला हवे होतेस."

"हो, मॅडम."

"आणि त्यानंतर पाच फेऱ्या. तीन जणांत पाळी, आणि पाचही वेळा बाटली माझ्याकडे आली नाही. मी हिशोब करून बघितला. आठातून एकदा असं आपोआपही होऊ शकतं." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आठात एकदा म्हणजे काही फार दुर्मीळ नव्हे. एवढ्यावर मी कोणाला दोष देणार नाही. म्हणून आरोप करत नाहीये, नुसतं विचारतेय. आपोआप झालं का, महेश?"

इतक्या सरळपणे मला आयुष्यात कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी मला निसटायला दारही उघडं ठेवलं होतं. आठातून एकदा. मी 'हो' म्हणालो असतो तर त्यांनी ते मानलं असतं, कारण आकडे तसं म्हणू देत होते.

"नाही, मॅडम," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं. साडीचं, "आत्ताच झालं"चं, बाटल्या सरकवल्याचं. बोलता बोलता मला रडू आलं.

त्या उठून आपल्या टेबलापाशी गेल्या, चालू असलेला फ्लास्क बेसिनमध्ये ओतला, ब्युरेट धुतली, उलटी करून स्टँडला लावली आणि रेश्माला म्हणाल्या, "अगं, माझे राहिलेले नमुने तू आणि दळवी वाटून घ्या. आजपासून मी जडपणा करणार नाही."

दुसऱ्या दिवशी नौपाड्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी बोलावलं नव्हतं, मीच गेलो. डॉक्टरांनी बरीच यंत्रं लावली. मोतीबिंदू नव्हता. काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, आणि बराच पुढे गेलेला. नजरेचा कडेचा भाग आतल्या आत चालला होता. रंगांची ओळख, त्यातही निळ्याची, काहींची अशीच आधी मंदावते, असं डॉक्टर म्हणाले.

"दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे लोकांना कळतच नाही. तुमच्या लक्षात कसं आलं?"

"एका पाण्याच्या बाटलीवरून," मॅडम म्हणाल्या.

डॉक्टरांना ते कळलं नसावं. ते औषधं लिहीत म्हणाले, "गेलेलं परत येत नाही. आहे ते जपू या. वर्ष-सव्वा वर्ष आधी आला असतात तर पुष्कळ जपता आलं असतं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

खाली रस्त्यावर आलो. त्या थोडा वेळ दुकानाच्या पायरीशी उभ्या राहिल्या, पिशवी दोन्ही हातांनी धरून.

"मी तुझ्यावर रागावलेय," त्या म्हणाल्या. "खूप रागावलेय. हे तुला कळावं म्हणून सांगतेय, नाहीतर मी शांत दिसते म्हणून तू समजशील की सोडून दिलं."

"मॅडम, मी..."

"त्या बाटलीचा मी कधी पाहुणचार करू दिला नाही. आणि तू माझाच करत बसलास." मग रिक्षाला हात केला. रिक्षा पुढे निघून गेली, कारण ती भरलेली होती आणि त्यांना ते दिसलं नव्हतं. मी दुसरी थांबवली. त्या बसल्या आणि मला घरी जायला सांगितलं.

त्यानंतर दोन महिने त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. त्या दोन महिन्यांत त्यांनी काय केलं ते मात्र सांगायला हवं. आपल्या हातून गेलेले तीन वर्षांतले जडपणाचे सगळे रिपोर्ट त्यांनी काढले. ज्यांच्या आकड्यात फरक पडू शकतो अशा प्रत्येक गिऱ्हाइकाला पत्र लिहायचं ठरवलं: तुमच्या पाण्याचा जडपणा माझ्याकडून थोडा जास्त नोंदवला गेला असण्याची शक्यता आहे, आम्ही तो पुन्हा विनामूल्य तपासून देऊ. खाली स्वतःची सही.

पाटकर साहेब हवालदिल झाले. "मॅडम, प्लीज! दोनच्या आत आहे ना? कागदावर चक्क समाधानकारक लिहिलंय. कोणी मेलं नाही, कोणाचा बॉयलर फुटला नाही. लोक काय म्हणतील?"

"समाधानकारक असं त्यांनी म्हटलंय, साहेब. मी म्हटलेलं नाही."

"अहो, पण कोणाला कळणार होतं?"

"मला कळलंय."

पत्रं गेली. काही गिऱ्हाइकं तुटली, हे खरं आहे. बरीच आली, नमुने देऊन गेली. आणि खडकपाड्याच्या एका सोसायटीचे वयस्कर सेक्रेटरी ते पत्र घडी करून खिशात घालून मुद्दाम मॅडमना भेटायला आले. म्हणाले, "बाई, पंचवीस वर्षं सोसायटीचं काम बघतोय. 'आमचं चुकलं' असं पत्र पहिल्यांदा आलं. म्हटलं, बघून तरी यावं." मॅडमनी त्यांना चहा दिला आणि त्यांच्या टाकीला झाकण आहे का ते विचारलं.

तो राग कधी गेला हे मला सांगता येणार नाही. एक दिवस त्यांनी डब्यातलं थालीपीठ माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे का बघ." माझ्या तोंडून निघालं, "कशाशी ताडून?" त्यांनी भुवया वर केल्या. मग म्हणाल्या, "कालच्याशी." कालचं मी खाल्लं नव्हतं. मी ते थालीपीठ मान खाली घालून संपवलं.

वर्षभराने त्यांनी काम सोडलं. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले की असा केमिस्ट पुन्हा होणार नाही, आणि आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "कशाशी ताडून?" मॅडम डोळे पुसत हसल्या. पुढे मी महिन्यातून एकदा नौपाड्यात जात असे. दिसणं कमी कमी होत गेलं. पेला मात्र त्या सवयीने उजेडाकडे धरायच्याच, आणि मग मला विचारायच्या, "स्वच्छ आहे?" मी नीट बघून सांगायचो. गाळ असला तर गाळ आहे म्हणून सांगायचो.

त्या गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. जायच्या काही महिने आधी त्या एकदा प्रयोगशाळेत आल्या. बहिणीचा हात धरून जिना चढल्या. छापखान्याच्या शाईचा वास ओळखून म्हणाल्या, "आज लाल छापतायत वाटतं." रेश्मा रडायला लागली, तिला त्यांनी दटावलं. चहा झाला. मग म्हणाल्या, "महेश, एक जडपणा करू दे मला. ओळीतला पुढचा जो असेल तो."

मी त्यांच्या जुन्या टेबलावर सगळं मांडलं. ब्युरेट भरली. पाणी मोजून घेतलं, रंग टाकला, फ्लास्क त्यांच्या हातात दिला. त्यांचा डावा हात आपोआप तोटीवर गेला, उजवा फ्लास्क गोल गोल हलवू लागला. इतक्या दिवसांनी, पण मनगट तसंच सैल, थेंब तसेच एकामागून एक. ओठ घट्ट मिटलेले. रेश्मा, दळवी, साहेब, सगळे मागे उभे होते.

फ्लास्कमधला लाल रंग जांभळा झाला, आणि मग एका थेंबाला स्वच्छ निळा.

हात थांबला नाही. थेंब पडत राहिले. माझ्या जिभेवर शब्द आला आणि तिथेच अडला. आताही अडला. शेवटची भेट आहे, सगळे बघतायत, त्यांना आनंदाने करू दे, असं काहीतरी मनात आलं, तीच जुनी माया. पाच थेंब, सहा थेंब.

"महेश," त्या म्हणाल्या. हात तसाच हलत होता. "झालं का रे निळं?"

"मगाशीच झालं, मॅडम."

तोटी बंद झाली. फ्लास्क टाइलवर टेकला. त्यांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळवली आणि चेहरा असा मोकळा झाला की तो मी विसरणार नाही.

"हं," त्या म्हणाल्या. "रीडिंग बघ. आहे तेच लिही, आणि पुढे माझं नाव घाल."

मी वाकून ब्युरेटवरचा आकडा बघितला, वहीत लिहिला, आणि त्याच्यापुढे त्यांचं नाव घातलं.